उत्तरेकडच्या पीटमधला कार्बन: तो मोजावा कसा आणि त्याचे कुजणे ओळखावे कसे

कैरीच्या लोणच्याच्या फोडी तेलाखाली बुडालेल्या असेपर्यंत वर्षभर टिकतात. तेल खाली गेले आणि वरच्या चार फोडी उघड्या पडल्या की काही दिवसांतच त्यांना बुरशी धरते. कॅनडा, स्कॉटलंड, फिनलंड, पश्चिम सायबेरिया आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा उत्तर भाग इथल्या पीटभूमीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर (पीट) साचलेल्या दलदलीत, हजारो वर्षे असाच प्रकार चालू आहे. तेलाच्या जागी तिथे पाणी असते आणि फोडींच्या जागी मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचे मेलेले देठ असतात. पाण्याने भरलेल्या थरात ऑक्सिजन जवळजवळ पोचत नाही, वर्षातला बराच काळ थंडी असते, आणि स्फॅग्नम भोवतालचे पाणी स्वतःच आंबट करून ठेवते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ऑक्सिजनच्या अभावी फिनॉल ऑक्सिडेज हे विकर काम करत नाही, म्हणून फिनॉलयुक्त द्रव्ये साचत जातात, आणि साचलेली ही द्रव्ये वनस्पतीचे अवशेष कुजवणाऱ्या इतर विकरांनाही रोखून धरतात. वेल्समधील क्रिस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही यंत्रणा मांडली. तिचे महत्त्व असे की पाण्याची पातळी थोडीशी खाली गेली, तरी उघड्या पडलेल्या थरातली ही अडसर द्रव्ये आधी मोडू लागतात आणि मग बाकीचे कुजणे वेग घेऊ शकते.

जगातल्या सगळ्या पीटभूमीने मिळून जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापला आहे. उत्तरेकडच्या पीटमध्ये साठलेल्या कार्बनचे बहुतेक अंदाज मात्र ४०० ते ५०० अब्ज टनांच्या आसपास जातात. हा साठा मोजण्याच्या कामावर जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे टिपण लिहिले आहे. उदाहरण म्हणून मिनेसोटातील मार्सेल प्रायोगिक वनातील एस-१ ही दलदल डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण ‘स्प्रूस’ हा दलदल तापवून पाहण्याचा मोठा प्रयोग तिथेच उभारला गेला.

काम सुरू करण्यापूर्वी आपला प्रश्न कोणता हे कागदावर लिहून काढावे. ‘इथे कार्बन किती आहे’ हा एक प्रश्न आहे आणि ‘तो आज वाढतो आहे की घटतो आहे’ हा दुसरा. दोन्हींची साधने वेगळी आहेत, आणि एकाचे साधन दुसऱ्याला लावल्याने जितके निष्कर्ष चुकले आहेत तितके यंत्र बिघडल्याने चुकलेले नाहीत, असे माझे मत आहे. हे आकड्यांनी पुढे दाखवतो.

पहिले काम पाण्याचे

नवखा माणूस दलदलीत शिरला की आधी नमुना काढायला धावतो. त्याऐवजी आधी पाण्याची पातळी मोजण्याची नळी बसवावी. सुमारे मीटरभर लांबीच्या पीव्हीसी नळीला चहूबाजूंनी छिद्रे पाडावीत, गाळ आत येऊ नये म्हणून तिच्यावर जुना नायलॉनचा मोजा चढवावा, खालचे तोंड बंद करावे आणि ती पीटमध्ये उभी खुपसावी. आतले पाणी स्थिरावायला एखादा दिवस द्यावा आणि मग नळीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. यात एक खोच आहे. पाणी वाढले की पीटचा पृष्ठभाग फुगून वर येतो आणि पाणी ओसरले की तो खाली बसतो. त्यामुळे पृष्ठभागावरून मोजलेले अंतर आपल्याला फसवते. पीटच्या तळाखालच्या घट्ट मातीपर्यंत एक धातूची सळई ठोकून तिच्यावर कायमची खूण करावी आणि सगळ्या उंच्या त्या खुणेशी जोडाव्यात.

पीटभूमी सपाट दिसते, पण पाय ठेवला की ती तशी नाही हे कळते. गुडघाभर उंचीचे उंचवटे आणि त्यांच्यामधले ओले खोलगट भाग यांची ती जाळी असते. उंचवट्यावर पाणी ३० सेंटिमीटर खाली असले तरी हातभर अंतरावरच्या खोलगटात ते पृष्ठभागाला टेकलेले असू शकते. म्हणून नळी, नमुना आणि वायुमापनाची पेटी उंचवट्यावर आहे की खोलगटात, ही नोंद प्रत्येक आकड्यासोबत राहिली पाहिजे. शून्य उंची खोलगटाच्या पृष्ठभागाची धरली तर पुढे तुलना सोपी जाते.

चालताना फळ्यांच्या वाटेवरूनच चालावे. स्फॅग्नमवर उमटलेला बुटाचा ठसा कित्येक महिने तसाच राहतो, आणि पायाच्या दाबाने खालचे मिथेनचे बुडबुडे सुटतात ते वेगळेच.

नमुना काढणे

वरचा अर्धा मीटर स्पंजासारखा असतो. त्यात कोणताही कोरर (उभा नमुना काढण्याचे पोकळ अवजार) दाबला की पीट दबते आणि आकारमानाचा हिशेब तिथेच बिघडतो. या भागासाठी पाव कापण्याची दातेरी लांब सुरी हे उत्तम हत्यार आहे. चारही बाजूंनी करवतीसारखी कापत जाऊन चौकोनी ठोकळा अलगद उचलावा. खालच्या भागासाठी रशियन कोरर वापरतात. याची अर्धगोल पन्हळ एका सपाट पात्याला जोडलेली असते. ती बंद अवस्थेत हव्या त्या खोलीपर्यंत ढकलायची, दांडा अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे पन्हळीची धार बाजूचे पीट कापून आत घेते आणि पाते झाकणासारखे बसते. अवजाराचे टोक खालचा थर ढवळते, म्हणून एकाच भोकातून सलग खाली जाऊ नये. शेजारी दुसरे भोक घेऊन आलटून पालटून, दर वेळी १० सेंटिमीटरचा भाग दोन्ही नमुन्यांत येईल असे उतरावे. कोरर तळाच्या चिकणमातीत रुतला आणि पात्यावर करडा गाळ दिसला की थांबावे.

नमुना बाहेर काढल्यावर तो उभ्या चिरलेल्या पीव्हीसी नळीत सरकवावा, प्लॅस्टिकने गुंडाळावा आणि वरचे टोक कोणते ते तिथल्या तिथे लिहावे. एकदा भर पावसात मी हे लिहायला ‘गाडीत बसल्यावर’ असे म्हणून ठेवले होते. गाडीत बसेपर्यंत दोन नळ्या एकसारख्या दिसत होत्या, आणि दिवसभराचे काम परत करावे लागले.

मुठीची परीक्षा

दलदलीतून निघण्याआधी प्रत्येक थरावर मुठीची परीक्षा करावी. स्वीडनचे भूशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९२०च्या दशकात दिलेली ही पद्धत शंभर वर्षांनंतरही वापरात आहे, कारण तिला मुठीशिवाय काहीच लागत नाही. लिंबाएवढा ओला गोळा मुठीत घेऊन पिळावा आणि बोटांच्या फटींतून काय बाहेर येते ते पाहावे. स्वच्छ, जवळजवळ बिनरंगी पाणी आले तर तो एच-१, म्हणजे न कुजलेला थर. पाणी गढूळ तपकिरी, पण पीट मुठीतच राहिले, तर एच-३. गढूळ पाण्याबरोबर थोडे पीटही निसटू लागले की एच-५. साधारण तिसरा हिस्सा निसटला तर एच-६, निम्मा निसटला तर एच-७, आणि सगळेच लोण्यासारखे फटींतून बाहेर येऊन मूठ रिकामी झाली तर एच-१०. मुठीत जे उरते त्याकडेही पाहावे. एच-२ मध्ये शेवाळाची पाने आणि देठ ओळखू येतात. एच-८ मध्ये उरतात ती बहुधा चिवट मुळे आणि लाकडाचे तुकडे.

हाताला सवय व्हावी म्हणून हे घरीही करून पाहता येते. रोपवाटिकेत पीट मॉस या नावाने जी पिशवी मिळते, ती उत्तरेकडच्या देशांत खणून काढलेल्या अशाच शेवाळाची असते. ते भिजवून पिळले की कमी कुजलेल्या थराचा स्पर्श समजतो. कोकोपीट मात्र चालणार नाही. ते नारळाच्या सोडणाचा भुसा आहे आणि नावापलीकडे त्याचा पीटशी संबंध नाही.

प्रयोगशाळेतले वजन आणि दोन नडणारे मिलिमीटर

नमुन्याचे २ सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. प्रत्येक कापाचे आकारमान काढावे, तो १०५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि तोलावा. कोरडे वजन भागिले ओले असतानाचे आकारमान म्हणजे स्थूल घनता. मग त्यातला थोडा भाग कुटून, आधी तोललेल्या मुशीत घालून ५५० अंशांच्या भट्टीत ४ तास ठेवावा. तापमान हळूहळू चढवावे, नाहीतर पीट पेट घेते आणि राख उडते. मूस डेसिकेटरमध्येच, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातच, थंड करावी. उघड्यावर ठेवलेला कोरडा नमुना हवेतली ओल ओढतो आणि वजन डोळ्यांदेखत वाढते. जे जळून गेले ते सेंद्रिय द्रव्य, आणि त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन असतो. हा निम्म्याचा नियम ढोबळ आहे. शक्य असेल तिथे काही कापांचे मूलद्रव्य-विश्लेषण करून आपल्या दलदलीचा खरा आकडा काढावा.

आता हिशेब करू. समजा स्थूल घनता दर घन सेंटिमीटरला ०.१ ग्रॅम, जळालेला भाग ९६ टक्के आणि त्यात कार्बन निम्मा. म्हणजे दर घन सेंटिमीटरला ०.०४८ ग्रॅम कार्बन. एक चौरस मीटर क्षेत्र आणि अडीच मीटर खोली धरली तर १२० किलो कार्बन भरतो. तळाचे वय ६,००० वर्षे असेल तर सरासरी साठवण वर्षाला चौरस मीटरमागे २० ग्रॅम झाली. उत्तरेकडच्या पीटभूमीचे दीर्घकालीन आकडे याच्याच आसपास असतात.

कापाची जाडी मोजताना २० मिलिमीटरऐवजी प्रत्यक्षात २२ मिलिमीटर घेतली गेली, इतकी चूक सहज होते. त्याने आकारमान १० टक्क्यांनी चुकले, म्हणजे साठ्याचा आकडा १२ किलोने चुकला. हे १२ किलो म्हणजे ६०० वर्षांची साठवण. म्हणजेच दहा वर्षांच्या अंतराने दोनदा नमुने काढून ‘कार्बन घटला’ असे म्हणणे जवळजवळ अशक्य आहे. दशकभराचा बदल मोजमापाच्या चुकीत कुठल्या कुठे बुडून जातो. खणून काढलेला नमुना साठा आणि इतिहास सांगतो. आज काय चालले आहे हे विचारायचे असेल, तर हवेत जाणारा आणि हवेतून येणारा कार्बन मोजावा लागतो.

वय ठरवताना आणि वरच्या थराचा भुलावा

रेडिओकार्बनने वय काढून घेण्यासाठी पीटचा ढेकूळ पाठवू नये. सूक्ष्मदर्शकाखाली स्फॅग्नमचे देठ आणि पाने चिमट्याने वेचून तीच पाठवावीत, कारण झुडपांची मुळे वरून खाली उतरतात आणि जुन्या थरात नवा कार्बन घालून वय कमी दाखवतात. शेवटच्या सुमारे दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे उपयोगी पडते. त्याहून अलीकडच्या थरात अणुचाचण्यांमुळे १९६३च्या सुमारास वातावरणात चढलेल्या रेडिओकार्बनचे शिखर सापडते.

वये हाती आली की थरांमागे वर्षाला किती कार्बन साठला याचा आलेख काढायचा मोह होतो, आणि जवळजवळ प्रत्येक आलेख वरच्या टोकाला एकदम चढतो. समजा वरचे ३० सेंटिमीटर गेल्या १०० वर्षांचे आहेत आणि तिथली घनता ०.०५ आहे. वरचाच हिशेब लावला तर वर्षाला ७२ ग्रॅम येतात, दीर्घकालीन सरासरीच्या साडेतीनपट. त्यावरून ‘हवामान उबदार झाल्याने पीट वेगाने वाढू लागले’ असे वाक्य लिहायला हात शिवशिवतो. ते लिहू नये. वरचा थर अजून हवेशीर आहे. त्यातला बराचसा भाग पाण्याखालच्या कायम ओल्या थरात पोचण्याआधीच कुजून जायचा आहे. खालच्या थरांनी ही चाळणी हजारो वर्षांपूर्वी पार केली आहे. कालचा पगार आणि गेल्या वर्षीची शिल्लक यांची तुलना करून आपण श्रीमंत झालो असे म्हणण्यासारखे ते आहे. तुलना करायचीच तर कुजण्याचा वेग धरणारे गणिती प्रतिरूप वापरावे.

कुजणे थेट पाहण्याच्या रीती

सर्वांत सोपी रीत जाळीच्या पिशवीची. वाळवून तोललेला पाला किंवा शेवाळ बारीक जाळीच्या पिशवीत भरून ठरावीक खोलीवर पुरावे, आणि एक, दोन, पाच वर्षांनी काही पिशव्या काढून तोलाव्यात. कोणती जात भरली हे महत्त्वाचे आहे: उंचवट्यावर वाढणारे स्फॅग्नम फस्कम खोलगटातल्या जातींपेक्षा सावकाश कुजते, आणि उंचवटे टिकून राहण्याचे ते एक कारण आहे. पिशवीत बाहेरून शिरलेली कोवळी मुळे तोलण्याआधी वेचून काढावीत, नाहीतर काही पिशव्यांचे वजन पुरल्यानंतर वाढलेले आढळते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

दुसरी रीत चहाची. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत हिरव्या चहाच्या आणि रुईबॉस या दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपाच्या चहाच्या तयार पिशव्या ८ सेंटिमीटर खोल पुरून सुमारे ९० दिवसांनी काढतात. हिरवा चहा झटपट कुजतो, रुईबॉस सावकाश. जगभर एकच माल वापरला जात असल्याने तुलना सोपी होते. पीटभूमीत मात्र या पद्धतीचे तयार निर्देशांक जसेच्या तसे मानू नयेत. पाण्यात बुडालेल्या पिशवीतून विरघळणारी द्रव्ये नुसतीच धुऊन जातात (शेवटी चहा करतो तो आपण असाच), आणि ती घट कुजण्याच्या खात्यावर पडते. काही पिशव्या केवळ पाण्यात ठेवून धुपण्याचा वाटा वेगळा काढावा आणि मग वजनातील घट म्हणूनच आकडा द्यावा.

वायुमापनाची पेटी

आजचा हिशेब पेटी देते. पीटमध्ये एक रुंद कडी बसवायची. ती बसवताना मुळे कापली जातात, म्हणून मापन लगेच सुरू न करता काही आठवडे थांबावे. कडीवर पारदर्शक पेटी ठेवून दोन-तीन मिनिटे आतला कार्बन डायऑक्साइड विश्लेषकाने मोजावा, पेटी उचलून हवा खेळू द्यावी, आणि काळे कापड घालून पुन्हा मोजावे. काळोखात मिळतो तो वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांचा एकत्रित श्वास; उजेडातला आकडा त्यातून प्रकाशसंश्लेषण वजा झालेला असतो. मिथेनसाठी पेटी अधिक वेळ ठेवावी. वाचन एकदम उडी मारून चढले तर ते बहुधा बुडबुड्यामुळे असते, आणि तो बुडबुडा आपोआप सुटला की आपल्या पायाने, हे वहीत लिहावे. कडीत कापूसगवताचे झुबके किती आहेत तेही मोजावेत, कारण त्याच्या पोकळ ऊतींतून मिथेन वरच्या हवेशीर थराला टाळून नळीतून जावा तसा थेट बाहेर पडतो. जुलैच्या दुपारचे वाचन ३६५ने गुणून वर्षाचा आकडा काढू नये. रात्र, वसंत आणि बर्फाखालचा हिवाळा हेही वर्षाचेच भाग आहेत.

तापवण्याच्या प्रयोगाचे निकाल वाचताना

स्प्रूस प्रयोगात १० उघड्या माथ्याच्या पारदर्शक वेढ्यांमध्ये हवा आणि जमीन दोन्ही तापवली गेली: ०, २.२५, ४.५, ६.७५ आणि ९ अंशांनी. निम्म्या वेढ्यांत कार्बन डायऑक्साइडही वाढवलेला होता. २०१४ मध्ये आधी फक्त खोलचे पीट तापवले गेले. तेव्हा मिथेन वाढला, पण तो मुख्यतः वरच्या थरातल्या ताज्या कार्बनपासून आला. खोलवरचा जुना साठा त्या सुमारे वर्षभराच्या काळात जवळजवळ हलला नाही. २०१५ मध्ये हवाही तापवली जाऊ लागली, आणि २०२०च्या अहवालानुसार तापवलेल्या वेढ्यांतून दर अंशामागे वर्षाला चौरस मीटरला सुमारे ३१ ग्रॅम कार्बन अधिक जात होता. वर काढलेल्या २० ग्रॅमच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. सर्वांत उष्ण वेढ्यांत स्फॅग्नमचे आच्छादन तीन वर्षांत निम्म्याहून खाली आले. म्हणजे कुजणे वाढले एवढेच नाही, तर बरणी भरणारा हातही थकला.

हे दोन निकाल एकमेकांना खोडत नाहीत. खोलचा थर पाण्याखाली होता आणि पाण्याखाली असेपर्यंत नुसत्या उष्णतेने त्याला फारसे काही झाले नाही. हवा तापली तेव्हा बाष्पीभवन वाढले आणि वरचा थर सुकू लागला. म्हणून अशा कोणत्याही प्रयोगाचा आलेख वाचताना तापमानाच्या अक्षाशेजारी पाण्याची पातळी कुठे होती हे शोधावे, आणि ती दिली नसेल तर निष्कर्ष राखूनच घ्यावा.

शेवटी एककांबद्दल. कार्बनचे ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइडचे ग्रॅम यांत ३.६७ पटींचा फरक आहे; कोणते लिहिले आहे ते प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात असावे. मिथेनचा आकडा वेगळ्या रकान्यात द्यावा. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, आणि ओल्या दलदलीत कार्बनची शिल्लक वाढत असतानाही मिथेनमुळे तापमानाचा हिशेब काही काळ उलटा येऊ शकतो. दोन्ही एकत्र करून एकच बेरीज छापली, तर पाणी अडवून पुन्हा ओली केलेली दलदल सुधारते आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.